सोबत गेलेलं पाकीट

“कुठलं पान?”

आमच्या लॅबमधल्या अण्णांना काहीही विचारलं की उत्तराआधी हा प्रश्न यायचा. किरण दिले की भाजीतलं सत्त्व जातं का हो? कुठलं पान? पावडर जास्त टिकते की ताजी भाजी? कुठलं पान? मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांना विचारलं, “अण्णा, चहा घेणार का?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाले, “कुठलं पान?”

मी जागेवर गेले, मिळू शकतील ते सगळे चहाचे प्रकार एका कागदावर लिहिले, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन काढला आणि कागद त्यांना नेऊन दिला. तो विनोद होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कागद माझ्या टेबलावर परत आला होता. ‘इतर’समोरच्या चौकोनात खूण होती आणि पुढे लिहिलं होतं, “कॉफी.”

मी याद्या करते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते जागोजागी आडवं येणार आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो, तेव्हा प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी मी स्वतः चिकटवली होती. सामान उतरवणाऱ्यांनी खोकी उलटी रचली आणि सगळ्या याद्या तळाशी गेल्या. त्यावरून मी काही शिकले असेन असं तुम्हाला वाटेल. शिकले ना. तेव्हापासून यादी दोन्ही बाजूंना चिकटवते.

अशा बाईला बसवनगुडीतल्या एका छोट्या अन्नतपासणीच्या लॅबमध्ये नमुने सांभाळायचं काम मिळालं. खाली उभ्याने खायचं उपाहारगृह, वर आम्ही. मसाले, पानांच्या पावडरी, ताज्या भाज्या बाहेरदेशी पाठवणारे व्यापारी आपला माल विकिरणाला पाठवतात. म्हणजे बंद खोकी जाड भिंतींच्या एका खोलीतून फिरवून आणतात. आत कोबाल्टचे किरण त्यांच्या आरपार जातात, किडे आणि जंतू मरतात, आणि किरण मालात राहत नाहीत. “एक्स-रे काढून आलेला माणूस रात्री चमकतो का? मग मिरची कशाला चमकेल?” फोन करणाऱ्या प्रत्येकाला अण्णा हेच विचारायचे. आमचं काम त्याच्या पुढचं. जंतू गेले ते ठीक, पण त्यांच्याबरोबर पानातलं चांगलं काय गेलं आणि काय राहिलं, हे मोजायचं.

ते चांगलं म्हणजे अँटिऑक्सिडंट. लोखंडाला गंज चढतो तशी शरीरातही झीज चालू असते, आणि पानातली काही द्रव्यं ती थोपवायला मदत करतात, एवढं मला समजलं होतं. अण्णांची ती मोजायची रीत बघायला मात्र मला फार आवडायचं. एका नळीत गडद जांभळं द्रावण. त्यात पानाचा अर्क टाकायचा. पानात दम असेल तर जांभळा रंग उतरत उतरत पिवळा होतो. यंत्र आकडा द्यायचंच, पण अण्णा आधी नळी खिडकीच्या उजेडात धरायचे आणि म्हणायचे, “बघा, सोडतंय.” शेवग्याच्या पानाला ते पहिलवान म्हणत. कोबीला सज्जन गृहस्थ.

त्यांचं घराणं बंगळुरूत किती पिढ्या आहे ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलेलं की वेगळं काढता येऊ नये. “स्वल्प थांबा,” ते म्हणायचे, आणि पटलं की “सरी.” मी एकदा पुणेरी आगाऊपणानं म्हटलं, “अण्णा, सरी हे कन्नड आहे ना?” तर म्हणाले, “कन्नड कुठलं? आमच्या आजीचं आहे.” त्यानंतर मी त्यांच्या लेखी कायमची ‘पुणेकर बाई’ झाले.

एकदा शेवग्याच्या पावडरीचा एक व्यापारी खुशीत वर आला. किरण दिलेल्या पावडरीचा आकडा न दिलेलीपेक्षा थोडा वर होता आणि त्याला पाकिटावर छापायचं होतं की किरणांमुळे अँटिऑक्सिडंट वाढतात.

“वाढले नाहीत,” अण्णा म्हणाले. “सुटले.”

“म्हणजे?”

“आधीपासून आतच होते. पेशीच्या भिंतीला धरून बसले होते. भिंत स्वल्प सैल झाली, ते बाहेर आले, आम्हाला दिसले. तुमचा चुलतभाऊ मागच्या खोलीतून उठून पुढच्या खोलीत बसला, तर घरात माणूस वाढला का?”

व्यापाऱ्यानं खरंच विचार केला. “पण मोजायला आलेल्याला वाढलेलाच दिसणार ना?”

“म्हणूनच मोजायला आलेल्यानं तोंड सांभाळून बोलायचं,” अण्णा म्हणाले, आणि तो जिना उतरत असताना मागून, “आणि क जीवनसत्त्व रुसून कमी झालंय, तेही छापा की! मोठ्या अक्षरांत!”

आता कंट्रोलचं सांगते. प्रत्येक नमुन्याचं एक पाकीट किरण न देता ठेवतात, तुलनेसाठी; त्याला कंट्रोल म्हणतात. अण्णांचा नियम असा की त्यालाही सोबत न्यायचं. बसवनगुडीहून निघून शहर ओलांडून, देवनहळ्ळीच्याही पुढे, जिथे द्राक्षांच्या बागांच्या जागी आता प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात तिथल्या विकिरण केंद्रापर्यंत, त्याच व्हॅनमधून, त्याच बर्फाच्या पेटीतून. बाकीची पाकिटं आत गेली की हे बाहेर बाकावर बसणार. ती येईपर्यंत. मग सगळ्यांबरोबर परत.

मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. त्या दिवसांत मी लॅबमध्ये काटकसर कशी करावी याच्या सूचनांची यादी तयार करत होते. कुणी मागितली नव्हती. त्यातली पहिलीच सूचना होती, ‘जे आत जाणारच नाही ते नेऊ नये.’ पालकाचे नमुने आले तेव्हा मी ती अमलातही आणली. कंट्रोल लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि वर सुबक अक्षरात लेबल लावलं.

निकाल भयंकर आला. किरण दिलेल्या पालकातलं क जीवनसत्त्व पार ढासळलेलं. अण्णांनी आकडे पाहिले, मग पाकिटं पाहिली, मग मला.

“हा पोरगा कुठे होता?” कंट्रोलवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

“फ्रिजमध्ये.”

“आणि हे सगळे?”

“व्हॅनमध्ये.”

“हेब्बाळला ट्रॅफिक होता?”

“होता. ड्रायव्हर म्हणाला, बर्फाचं पाणी झालं.”

“सरी. मग हेब्बाळचं पाप किरणांच्या माथी कशाला मारता, पुणेकर बाई? जो प्रवासाला गेलाच नाही, त्याच्याशी तुलना करून काय कळणार?”

पालक पुन्हा आणला. या वेळी कंट्रोल सोबत गेलं आणि तेही मान टाकूनच परत आलं. दोघांत फरक उरला तो थोडासा. मी माझ्या यादीतली ती सूचना खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, ‘कंट्रोलला न चुकता सोबत नेणे.’ तांबड्या शाईत, अधोरेखित, जणू शोध माझाच होता.

त्यानंतर काही महिन्यांनी नमुन्यांत कोथिंबीर दिसू लागली. भल्या पहाटे बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारातून अण्णा स्वतः जुड्या आणायचे, धुवायचे, पाकिटं करायचे. आणि माझ्या तक्त्यात ग्राहकाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवायचे. रिकामा रकाना मला दातात अडकलेल्या तंतूसारखा छळतो.

“अण्णा, ही कोथिंबीर कुणाची?”

“मालकांना विचारलंय. खर्च माझा.”

“पण ग्राहक कोण?”

ते नळ्या विसळत राहिले. “लिहा, घरचं.”

“घरचं असा प्रकार तक्त्यात नाही.”

“मग करा की. एक रकाना वाढला तर तुम्हाला आनंदच.”

मी तरीही उभी राहिले, तेव्हा माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी सांगितलं. त्यांच्या पत्नीला रक्ताचा आजार झाला होता. मज्जा बदलण्याचं, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं, मोठं दिव्य पार पडून त्या घरी आल्या होत्या, पण अंगातली प्रतिकारशक्ती अजून तान्ह्या बाळासारखी. सगळं प्रेशर कुकरमधून काढलेलं खायचं. कच्चं पान बंद. आणि त्यांनी खाणंच सोडलं होतं. दोन घास घेतले की वाटी बाजूला. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, असंच राहिलं तर पुन्हा भरती करून नाकातल्या नळीनं अन्न द्यावं लागेल.

“ती म्हणते, सारावर कच्ची कोथिंबीर नसेल तर ते सार नाही, औषध आहे.”

“शिजवलेली चालणार नाही का?”

“शिजवलेली कोथिंबीर,” अण्णा वळून म्हणाले, “तुम्ही पुण्यात सारावर घालता?”

नाही घालत.

“म्हणून म्हटलं, किरण देऊन बघू. जंतू जातील, पान कच्चंच राहील. पण पान राहायला हवं. नुसता हिरवा कागद नको.”

मला वाईट वाटलं की मी काय करते हे तुम्ही ओळखलं असेल. मी त्याच संध्याकाळी ‘अशक्तपणात घेण्याचे उकडलेले पौष्टिक पदार्थ’ अशी यादी केली, न्याहारी-जेवण-संध्याकाळ असे भाग पाडले, लॅमिनेट करून घेतली आणि त्यांच्या घरी घेऊन गेले.

घर लॅबपासून चालत जाण्याजोगं. मी मास्क लावून दारातल्या खुर्चीवर बसले. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी अण्णांच्या पत्नी, अक्का, बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, अंगात आणखी एक माणूस मावेल असा स्वेटर, आणि त्यातून दोन अतिशय जागे डोळे.

“तूच का गं ती यादीवाली?”

मी यादी पुढे केली. त्यांनी ती पुढून वाचली, मागून वाचली, उजेडात धरली आणि मला परत दिली. “छान आहे. हे प्लॅस्टिकसकट उकळायचं, की काढून?”

“अगं,” अण्णा स्वयंपाकघरातून म्हणाले.

“तुम्ही कुकर बघा हो,” असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. “मलाही किरण दिलेत, माहितेय? सगळ्या अंगाला. नवी मज्जा घालायच्या आधी. ह्यांना म्हटलं, पानांचं एवढं मोजता, माझ्यात काय उरलंय तेही मोजा एकदा. बोट बुडवते तुमच्या जांभळ्या पाण्यात.”

“अगं, काय बोलतेस!”

“आणि आमच्यातलं कंट्रोल कोण? हे! मी काचेच्या आत, हे बाहेर बाकावर. मला घास उतरला नाही की ह्यांचा डबा तसाच. मला झोप नाही की ह्यांना नाही. घरी आलो तेव्हा दोघांचेही कपडे ढगळ. मी डॉक्टरांना दाखवलं, बघा, ह्यांना तर किरण दिलेच नव्हते! म्हणजे अर्धं नुकसान प्रवासाचंच की नाही?”

त्या हसल्या. मीही हसले, आणि मग बराच वेळ लॅमिनेट केलेला कागद मांडीवर सरळ करत बसले. तो वाकडा होण्याची काही सोयच नव्हती.

लॅबमध्ये कोथिंबिरीच्या फेऱ्या चालू राहिल्या आणि पेच स्पष्ट होत गेला. कमी किरण दिले की पान टवटवीत राहायचं, पण जंतू पुरते जायचे नाहीत. जास्त दिले की जंतू जायचे, पण पान मऊ पडायचं, कडा काळसर व्हायच्या, क जीवनसत्त्वही आणखी उतरायचं. बाकीची द्रव्यं मात्र बरीचशी तग धरून होती. जांभळं पाणी अजून पिवळं होत होतं. अण्णांनी दोन पाकिटं टेबलावर शेजारी ठेवली.

“हे पान तिला आवडेल,” ते म्हणाले. “आणि हे डॉक्टरांना.”

आणि कपाळाला हात लावून बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी फायदे-तोट्यांचा तक्ता आखायला घेतला, पट्टी सापडेना म्हणून थांबले, आणि त्या थांबण्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “पण अण्णा, गरम सारावर पडल्यावर कुठलंही पान मऊच पडतं की. बारीक चिरली तर कडासुद्धा दिसणार नाहीत.”

अण्णांनी मान वर केली. “हौदा?” म्हणजे, खरंच?

“तुम्ही कधी कोथिंबीर चिरली नाहीत का?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “मी फक्त अर्क काढलाय.”

विज्ञानाला माझं योगदान एवढंच. त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाला मी ते सांगितलेलं आहे. आता तुम्हालाही सांगून झालं.

मऊ पानाचं पाकीट कापून त्यांनी माझ्यापुढे धरलं. “वास घ्या. माझं नाक आता पक्षपाती झालंय. मला वास हवाच आहे, म्हणून तो येतोय.”

बंगळुरूच्या हवेचं आणि माझ्या नाकाचं कधीच जमलेलं नाही. बाराही महिने ते बंद असतं. तरी मी डोळे मिटले, जाणकारासारखी मान हलवली, पुन्हा हुंगलं. शेवटी कबूल केलं, “अण्णा, मला काहीच येत नाही.”

मग आम्ही दोघं पाकीट घेऊन खाली उपाहारगृहात गेलो. सांबाराच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाखाली अण्णांनी ते धरलं आणि कन्नडमध्ये विचारलं, हे काय आहे? त्यानं आधी पाकिटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. दोन शिकलीसवरलेली माणसं कामाच्या वेळी हे विचारायला आली होती. “कोत्तंबरी,” तो म्हणाला. “दुसरं काय असणार?”

अण्णांनी त्याच्या हातात हात दिला. त्यानं तो नंतर ॲप्रनला पुसला.

डॉक्टरांकडे अण्णा स्वतःचा अहवाल घेऊन गेले. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि अक्कांच्या रक्ताचा अहवाल वाचला. मग कोथिंबिरीचा वाचला, जंतूंच्या पानावर जास्त वेळ थांबले, आणि म्हणाले, थोडीशी द्या. पाकीट खायच्या वेळी उघडायचं, उरलेलं टाकून द्यायचं, ताप आला तर लगेच यायचं. अण्णा लॅबमध्ये परतले ते एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झाल्यासारखे.

बर्फाची पेटी पोहोचवायला मी गेले. जायची काही गरज नव्हती. सोबत उकळून गुंडाळलेली सुरी, उकळून गुंडाळलेली दुसरी सुरी, आणि दोन्ही विसरल्यास काय करावे याची एक चिठ्ठी. अण्णांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोथिंबीर चिरली. एक तुकडा नखाएवढा, एक बोटाएवढा. सारातून वाफा येत होत्या. त्यांनी वरून हिरवं पेरलं आणि वाटी अक्कांपुढे ठेवली. आम्ही दोघं आकडा यायची वाट बघत यंत्राकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत राहिलो.

अक्कांनी चमचा तोंडात घातला. सावकाश चावलं.

“काय?” अण्णांनी विचारलं.

“गवत आहे.”

“गवत?”

“वास नाही. चव नाही.”

“अगं, असं कसं? सगळं आहे त्यात. मी मोजलंय. खालच्या माणसालासुद्धा वास आला. जांभळं अगदी…”

“त्यात असेल हो,” अक्का म्हणाल्या. “माझ्या जिभेत नाही.”

अण्णा खुर्चीवर बसले. एवढी पानं, एवढ्या फेऱ्या, आणि या एका गोष्टीसाठी त्यांच्याकडे कसली नळीच नव्हती. मी पेटी आवरायला घेतली, कारण अशा वेळी मला दुसरं काही येत नाही.

“आवरतेस काय?” अक्का मला म्हणाल्या. “पाकिटात आहे ना अजून?”

“आहे.”

“मग घाल.”

“पण अक्का, चव…”

“दिसतंय ना वरून हिरवं? इतके दिवस सगळं बोडकं बोडकं पुढ्यात येतंय. घाल म्हणते ना.”

मी घातली. त्यांनी आणखी एक चमचा घेतला, मग आणखी एक. मध्ये एकदा थांबून वाटीत बघितलं, चमच्यानं एक पान कडेला घेतलं, आणि तेही खाल्लं. वाटीचा तळ दिसला तेव्हा त्यांनी ती अण्णांच्या दिशेनं कलती करून दाखवली.

“अहो, रडताय काय? कांदा नाहीये त्यात.”

त्यानंतर दर खेपेला व्हॅनमधून कोथिंबिरीची पाकिटं जात राहिली. ताप आला नाही. वजनाची घसरण थांबली, मग काटा इंचाइंचानं वर सरकू लागला, आणि भरती करण्याची गोष्ट डॉक्टरांनी पुन्हा काढली नाही. चव मात्र आली नव्हती. अण्णा रोज विचारायचे आणि अक्का रोज म्हणायच्या, “गवत.”

पुढे अण्णांनी नोकरी सोडली. वय झालंच होतं. निरोपसमारंभ मी योजला: स्वागत, हार, तीन भाषणं, फोटो, केक, सत्काराला उत्तर. सगळे जमले. अण्णा आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, “आज ती मागून घेऊन जेवतेय. स्वल्प उशीर होईल.” तो स्वल्प उशीर अजून चालू आहे. भाषणं आम्ही एकमेकांना ऐकवली आणि केक खाल्ला.

त्यांच्या जागी आलेले गृहस्थ हुशार आहेत. काहीही विचारा, एका वाक्यात उत्तर देतात. टेबल स्वच्छ, रकाने भरलेले. मला ते अतिशय आवडायला हवेत, आणि ते तसे आवडावेत म्हणून मी प्रयत्नही करत असते.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या गल्लीत काम निघालं म्हणून अण्णांकडे डोकावले. दार अक्कांनीच उघडलं. रुमाल नाही, डोक्यावर शाळकरी पोरासारखे आखूड, दाट केस. नीट धुतलेलं कच्चं खायला डॉक्टरांनी आता मोकळीक दिली होती. पाकिटं, पेटी, किरण, काही नको.

“अण्णा?”

“बाजारात. परत पाठवलंय,” अक्का म्हणाल्या. “परवा वाटी पुढ्यात ठेवली, मी म्हटलं, ही शिळी आहे, वास उतरलाय हिचा. तर हे पळी धरून उभेच. म्हणाले, कशावरून? म्हटलं, कशावरून काय, जिभेवरून! मग पुन्हा बोल, पुन्हा बोल, बोलायला लावून लावून भात गार केला माझा.”

“म्हणजे चव आली!”

“येते, जाते. पण आता बाजारातून काय आणलं की आधी माझ्या नाकाशी. काल नापास केली. आज सकाळची पण नापास.” त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू? आजची चांगली होती. पण मी नाही म्हटलं की ह्यांचं तोंड असं काही खुलतं ना गं…”

मी थोडा वेळ थांबले. अण्णा आले नाहीत. मला पुढे तीन कामं होती, क्रमानं लिहिलेली, म्हणून निघाले.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा ते दिसले. ऊन मी म्हणत होतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी डाव्या हातात छातीशी धरलेली. उजव्या हातात छत्री, उघडलेली, आणि ती जुडीवर. टक्कल उन्हात तळपत होतं. रस्त्याच्या कडेनं, सावलीशिवाय, ते जवळजवळ पळत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, “थांबू का अक्का?”

“नको,” मी म्हटलं. “चला. त्यांना घाई आहे.”